हरणांच्या नगरीत : नारा आणि कासुगाची वनराई

उतारवयातील प्रवासाचे स्वरूप तरुणपणीच्या प्रवासाहून वेगळे असते. किती स्थळे पाहिली, याला तेव्हा फारसे महत्त्व उरत नाही. एखाद्या ठिकाणी किती निवांत बसता आले, तेथून मन किती हलके होऊन परतले, हेच अधिक मोलाचे ठरते. वाचकहो, जपानमधील नारा हे अशा निवांत प्रवासाला साजेसे नगर आहे. क्योतोहून आगगाडीने पाऊण तासाच्या अंतरावर, डोंगरांच्या कुशीत ते वसले आहे. स्थानकातून बाहेर पडून पूर्वेच्या डोंगराकडे काही मिनिटे चालले, की आपले स्वागत करतात ती हरणे.

ती पदपथावर उभी असतात, मंदिराच्या पायऱ्यांजवळ रवंथ करीत बसलेली असतात, कधी वाहनांना थांबवून संथपणे रस्ता ओलांडत असतात. त्यांच्याभोवती कुंपण नाही आणि त्यांच्या गळ्यात पट्टा नाही. संख्या बाराशेहून अधिक, पण त्यांना मालक असा कोणीच नाही. कायद्याच्या दृष्टीनेही ती वन्य प्राणीच आहेत. हजार वर्षांहून अधिक काळ एका गजबजलेल्या नगरात वन्य प्राणी असे मोकळेपणाने कसे राहू शकले, त्यासाठी माणसांनी काय सोसले आणि आज तेथे जाणाऱ्या आपल्यासारख्या पाहुण्याकडून काय अपेक्षित आहे, हे समजून घेतले तर नाराची भेट केवळ छायाचित्रांपुरती राहणार नाही.

पांढऱ्या हरणावरून आलेला देव

इ. स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी नारा येथे होती. तेव्हा या नगराचे नाव हेइजो-क्यो असे होते. राजदरबारात फुजिवारा घराण्याचे मोठे वजन होते. या घराण्याने आपल्या कुलदैवतांसाठी मिकासा डोंगराच्या पायथ्याशी देवस्थान उभारले, तेच कासुगा ताइशा. परंपरेनुसार त्याच्या स्थापनेचे वर्ष ७६८ मानले जाते.

या देवस्थानाची कथा अशी सांगतात. पूर्वेकडील दूरच्या कशिमा येथील ताकेमिकाझुची हा पराक्रमी देव नाराच्या रक्षणासाठी निघाला. तो एका पांढऱ्या हरणावर आरूढ होऊन आला आणि मिकासा डोंगरावर उतरला. तेव्हापासून या परिसरातील हरणे देवाचे दूत मानली गेली. मध्ययुगीन जपानी चित्रकारांनी हा प्रसंग पुनःपुन्हा रंगविला आहे. त्या चित्रांत ढगावर उभे असलेले पांढरे हरीण असते. त्याच्या पाठीवर खोगीर आणि खोगिरावर देवाचे प्रतीक म्हणून पवित्र वृक्षाची फांदी व आरसा असतो. देवाची मूर्ती मात्र नसते. हरणाकडे पाहूनच देव आल्याचे ओळखायचे.

विज्ञानानेही या जुन्या नात्याला एक प्रकारे दुजोरा दिला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात नारा आणि सभोवतालच्या डोंगराळ प्रदेशातील हरणांची तुलना करण्यात आली. त्यात नाराच्या हरणांचा वंश हजाराहून अधिक वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळा पडल्याचे दिसून आले. आसपासच्या मुलखात शिकारीमुळे हरणे कमी होत गेली, पण देवस्थानाच्या आश्रयाने हा एक कळप तगून राहिला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

बुद्धाचा पहिला उपदेश सारनाथच्या मृगवनात झाला, हे आपणांस ठाऊक आहे. नारा येथे प्रचंड बुद्धमूर्ती असल्याने येथील हरणांचा संबंध सारनाथशी असावा, असे भारतीय प्रवाशाला सहज वाटते. वस्तुतः ही हरणे शिंतो परंपरेतील, म्हणजे जपानच्या मूळ देवधर्मातील आहेत. तथापि भारताचा आणि नाराचा एक खरा धागा आहे. तोदाइजी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन इ. स. ७५२ मध्ये झाले, ते बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते. तो चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखताना त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोरी बांधली होती आणि जमलेल्या लोकांनी ती धरून त्या पुण्यात आपला वाटा घेतला. बोधिसेन मायदेशी परतला नाही. नारा येथेच ७६० मध्ये त्याचा देह पडला. ज्या अंगणात आज हरणे विसावतात, तेथून जवळच हा सोहळा झाला होता.

देवाकडे नेणारी वाट

कासुगाचे सौंदर्य देवळात पोहोचण्याच्या आधीच सुरू होते. पहिले तोरी, म्हणजे देवस्थानाचे लाल कमानवजा प्रवेशद्वार, ओलांडले की एक किलोमीटरहून अधिक लांबीची वाट हळूहळू चढत जाते. चढ इतका सौम्य आहे की तो पायांना जाणवण्यापूर्वी श्वासाला जाणवतो. म्हणूनच येथे घाई करू नये. सुरुवातीला दोन्ही बाजूंना मोकळी कुरणे दिसतात, मग वृक्ष दाटू लागतात, शहराचा आवाज मागे पडतो आणि पायांखालच्या खडीचा आवाज ऐकू येऊ लागतो.

वाटेच्या दुतर्फा दगडी दीपस्तंभांच्या ओळी लागतात. कोणी आरोग्य लाभावे म्हणून, कोणी घरादाराच्या कल्याणासाठी, कोणी दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ ते अर्पण केले आहेत. शतकानुशतके ही प्रथा चालत आली आहे. पावसाने त्यांच्यावर शेवाळ चढविले आहे, काहींवरची अक्षरे पुसट झाली आहेत. दगडी दीप सुमारे दोन हजार, आणि आतल्या लाल ओवऱ्यांत टांगलेले काशाचे दीप सुमारे एक हजार. हे सर्व दीप वर्षातून दोनदा उजळले जातात, फेब्रुवारीच्या आरंभी आणि ऑगस्टमध्ये १४ व १५ तारखेला. त्या गर्दीत ज्येष्ठांनी जावेच असे नाही. देवस्थानाच्या आवारात एका अंधाऱ्या दालनात काही दीप नेहमी तेवत ठेवलेले असतात. तेथे क्षणभर उभे राहिले, तरी त्या रात्रीची कल्पना येते.

दोन दीपस्तंभांच्या मधून एखाद्या हरणाचे डोके डोकावते, तेव्हा पाय आपोआप थांबतात. ही सिका जातीची हरणे आपल्याकडील चितळ-सांबरांच्याच कुळातली आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके उमटतात, हिवाळ्यात ठिपके नाहीसे होऊन अंग करडे-तपकिरी होते. ऋतू बदलला की तेच हरीण निराळे दिसते.

देवळाजवळ हात धुण्याचे स्थान आहे. तेथे बसलेल्या हरणाची काशाची प्रतिमा असून तिच्या मुखातून पाणी वाहते. ओगराळ्याने पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा हात धुवावा, आणि डाव्या ओंजळीतील पाण्याने तोंड खळाळावे. देवापुढे दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एक नमस्कार, अशी रीत आहे. आपल्या देवळात शिरण्यापूर्वी पाय धुणाऱ्या माणसाला यात परके काहीच वाटणार नाही.

मुख्य आवारात चार देवांची चार लहान मंदिरे शेजारी शेजारी उभी आहेत. लाकडाला शेंदरी रंग आहे आणि छपरे सायप्रस वृक्षाच्या सालींची आहेत. दर वीस वर्षांनी या वास्तूंचे विधिपूर्वक नूतनीकरण होते. २०१५-१६ मध्ये असे साठावे नूतनीकरण पार पडले. लाकूड आणि साल यांचे आयुष्य मर्यादित असते, पण ते काम जाणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले, तर वास्तू टिकते.

या आवारातील एक दृश्य चुकवू नये. शेकडो वर्षांच्या एका प्रचंड देवदारसदृश वृक्षाच्या मुळाशी दुसरे एक झाड उगवले आहे आणि ते तिरपे वाढत एका इमारतीवर झुकले आहे. इमारत बांधणाऱ्यांनी झाड तोडले नाही. छपरालाच भोक ठेवून त्याला वाट करून दिली. एप्रिलच्या अखेरीस येथे विस्टेरियाच्या वेलीचे जांभळे घोस जमिनीला टेकू पाहतात. जपानीत या वेलीला ‘फुजि’ म्हणतात, आणि फुजिवारा घराण्याच्या नावातले पहिले अक्षर तेच आहे.

धाक, हसू आणि मोडलेली परंपरा

हे सारे ऐकताना वाटते की येथे सदैव प्रेमच नांदले असेल. इतिहास तितका सौम्य नाही. देवाच्या दूताला मारणे हा जुन्या नारामध्ये देहदंडाचा अपराध होता. अशा शिक्षेची शेवटची नोंद १६३७ मधील असल्याचे सांगतात. ‘नाराची माणसे पहाटे लवकर उठतात’ अशी एक जुनी समजूत आहे. आपल्या दारात हरीण मरून पडलेले आढळले तर आळ आपल्यावर येईल, म्हणून उजाडण्याआधी अंगण पाहून घ्यायचे, असे त्याचे कारण सांगितले जाते.

या धाकातून एक सुंदर विनोदी कथाही जन्मली. राकुगो या जपानी कथाकथनकलेत ‘शिका सेइदान’ नावाची कथा प्रसिद्ध आहे. एक वृद्ध, सज्जन टोफूविक्रेता पहाटे कामाला लागतो. कोणी कुत्रे आपल्या टोपल्यातील सोयाबीनचा चोथा खात आहे असे समजून तो लाकूड फेकतो. पाहतो तो हरीण मरून पडलेले! प्रकरण न्यायाधीशासमोर जाते. म्हाताऱ्याला वाचवायचे, तर कायदा आडवा येतो. न्यायाधीश मृत प्राण्याकडे निरखून पाहतो आणि हे तर कुत्रेच आहे, असा निर्वाळा देतो. मग दरबारातील एकेकाला तेच म्हणावे लागते. कायद्याचा मान राहिला आणि गरिबाचा जीवही वाचला. वडीलधाऱ्यांनी नातवंडांना सांगावी अशीच ही गोष्ट आहे.

काळ पालटला, तशी भीती गेली आणि तिच्याबरोबर संरक्षणही सैल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या भुकेच्या दिवसांत हरणे मारली गेली. १९४५ मध्ये केवळ ७९ हरणे उरली होती. हजार वर्षांची परंपरा संपण्याच्या बेतात होती. युद्धानंतर नागरिकांनी संस्था उभारून त्यांचे संगोपन हाती घेतले, आणि १९५७ मध्ये ‘नाराची हरणे’ राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून घोषित झाली. आज दिसणारा कळप त्या ७९ जिवांपासून पुन्हा वाढलेला आहे.

माया करावी, पण अंतर राखून

उद्यानात जागोजागी ‘शिका-सेन्बेई’ नावाच्या पातळ गोल चकत्या विकायला असतात. तांदळाचा कोंडा आणि पीठ यांपासून त्या बनवितात. त्यांत साखर नसते. त्यांभोवतीची कागदी पट्टीही हरणांनी खाल्ल्यास अपाय होऊ नये अशा पद्धतीने तयार केलेली असते. या विक्रीतील काही भाग हरणांच्या संरक्षणासाठी जातो. हरणांना द्यायचे तर केवळ हेच द्यावे. तेही त्यांचे अन्न नव्हे, मधले खाणे आहे. त्यांचे खरे अन्न म्हणजे गवत, पाने आणि ओक वृक्षाची फळे.

चकती दिसली की कित्येक हरणे मान झुकवतात. त्याला लोक नमस्कार म्हणतात आणि हरखून जातात. ती शिकलेली सवय आहे, आणि तिच्यामागे अपेक्षा आहे. चकती दाखवून ती देण्यास टाळाटाळ केली, तर हरीण चिडते. मग ढुशी बसते, कपडा ओढला जातो, क्वचित चावाही बसतो. २०१८ च्या सुमारास एका वर्षात दोनशेच्या आसपास माणसे अशा प्रकारे जखमी झाली. बहुतेक जण पर्यटक होते.

याहून गंभीर हानी माणसांकडून हरणांची होते. २०१९ मध्ये मृत्यू पावलेल्या १४ हरणांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील ९ जणांच्या पोटात प्लास्टिक आढळले. एकाच्या पोटात तर ४.३ किलो वजनाचा गोळा होता. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या जठरात प्लास्टिक अडकले की ते पुढे सरकत नाही. पोट भरल्यासारखे वाटते, खाणे सुटते आणि जनावर उपाशी मरते. कोणी मुद्दाम प्लास्टिक चारले नव्हते. खाऊचा वास लागलेल्या पिशव्या तेवढ्या मागे राहिल्या होत्या. पुढे स्थानिक उद्योजकांनी तांदळाचा कोंडा आणि कागदाचा लगदा यांपासून हरणांना अपाय न करणारी पिशवी तयार केली. पण खरा उपाय आपल्या हाती आहे. आपला कचरा आपल्याच पिशवीत ठेवावा आणि मुक्कामी परत न्यावा.

वर्षाचे चक्र

मे ते जुलै हा पाडसांचा काळ असतो. गाभण माद्यांपैकी अनेकींना वसंतात ‘रोकुएन’ या हरणांच्या आश्रयस्थानात ठेवतात आणि पाडसे अंग धरू लागली की मोकळे सोडतात. बाहेर जन्मलेले पाडूस गवतात एकटे पडून असले, तरी ते टाकून दिलेले नसते. आई जवळपास चरत असते. त्याला हात लावू नये. माणसाचा वास लागला तर आई त्याला जवळ घेईनाशी होऊ शकते, आणि आई आपल्यावर धावूनही येऊ शकते.

शरद ऋतूत नर माजावर येतात. त्यांची दीर्घ, आर्त साद डोंगरातून ऐकू येते. ही साद जपानी काव्यात शरदाच्या उदासीचे प्रतीक होऊन राहिली आहे. याच काळात त्यांची शिंगे धोक्याची होतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये शिंगे कापण्याचा समारंभ होतो. ही प्रथा १६७२ च्या सुमारास सुरू झाली. धावत्या नराला दोराने धरून उशीवर त्याचे डोके टेकवितात, पाणी पाजतात, आणि पुरोहित करवतीने शिंगे कापून देवाला अर्पण करतो. वाळलेल्या शिंगात रक्त वा संवेदना नसते. वसंतात नवी शिंगे पुन्हा उगवतात.

हिवाळ्यात एक गोड प्रसंग अनुभवास येतो. तोबिहिनो या कुरणावर सकाळी हॉर्न हे वाद्य वाजविले जाते. बीथोवनच्या सहाव्या सिंफनीतील सुरावट निघताच वनातून हरणे धावत येतात आणि त्यांना ओकची फळे मिळतात. १८९२ मध्ये बिगुल वाजवून ही प्रथा सुरू झाली.

वनराईची दुसरी बाजू

देवळामागचे कासुगा डोंगरावरील वन इ. स. ८४१ पासून शिकार आणि वृक्षतोडीस बंद आहे. आपल्या देवराईत जसा कुऱ्हाडीला मज्जाव, तसाच हा नेम. शहराला लागून असलेले हे सुमारे अडीचशे हेक्टरांचे वन १९९८ मध्ये नाराच्या इतर प्राचीन वास्तूंसह जागतिक वारसा ठरले.

हरणांमुळे येथील कुरणे कापल्यासारखी नीटस राहतात. त्यांची लीद शेणकिडे मातीत मिसळतात आणि गवताला खत मिळते. झाडांच्या खालच्या फांद्याही हरणाचे तोंड पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत एका रेषेत छाटल्यासारख्या दिसतात. हे दृश्य मोहक खरे, पण वनातील कोवळी रोपेही हरणेच खातात. जुने वृक्ष पडतात, त्यांची जागा घेणारे नवे वाढत नाहीत. मग हरणे ज्यांना तोंड लावीत नाहीत, तीच झाडे माजतात. आता काही ठिकाणी जाळ्या लावून रोपे राखावी लागतात.

नगराबाहेरील शेतकऱ्यांचे दुःखही खरे आहे. देवाचे दूत त्यांचे पीक फस्त करतात. हा वाद न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये तडजोड होऊन विभाग ठरले. देवस्थानाजवळच्या विभागात हरणांना पूर्ण संरक्षण मिळाले, दूरच्या विभागात पिकाच्या रक्षणासाठी त्यांना आवर घालण्यास वाव ठेवला गेला. पिकांची नासाडी करणारी वा माणसांना इजा करणारी काही हरणे उर्वरित आयुष्य रोकुएनमध्ये काढतात.

हे जाणून घेतल्यावर नाराचे सौंदर्य उणावत नाही. हरणांचे आणि माणसांचे हे सहजीवन आपोआप टिकलेले नाही. प्रत्येक पिढीने ते नव्याने जुळवून घेतले आहे. हरणांना बंदिस्त केले असते, तर व्यवस्था सोपी झाली असती. पूर्ण वाऱ्यावर सोडले असते, तर त्रासही वाचला असता. नारावासीयांनी या दोन्हींमधली कठीण वाट धरली. जखमी हरणाला उपचार द्यायचे आणि बरे झाले की सोडून द्यायचे. गाभण मादीला आसरा द्यायचा, पण तिला पाळीव करायचे नाही. घरातील वृद्ध वा आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना हा तोल फार ओळखीचा वाटेल. आधार द्यावा, पण समोरच्याचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये. काळजी करावी, पण त्याच्या वतीने प्रत्येक निर्णय आपणच घेऊ नये, ही रोजची कसरत त्यांच्याही वाट्याला आलेली असते.

शरीराला आणि मनाला काय लाभते?

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिन्‌रिन-योकु’, म्हणजे वनस्नान, ही कल्पना मांडली. यात पाण्याचा संबंध नाही. झाडांमध्ये सावकाश चालायचे, थांबायचे, वास घ्यायचा, ऐकायचे, इतकेच. जपानी संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत शहरात चालणाऱ्यांच्या तुलनेत वनात चालणाऱ्यांची नाडी व रक्तदाब काहीसा कमी आढळला आणि ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाणही घटलेले दिसले. याचा अर्थ औषधे सोडावीत असा नव्हे. पण झोप न लागणे, बेचैनी, घरात कोंडल्यासारखे वाटणे या तक्रारी असणाऱ्यांना असा सहवास सुखावतो, यात नवल नाही. शुश्रूषा करणाऱ्यालाही या विसाव्याची तितकीच गरज असते.

ज्येष्ठ आणि सोबत्यांसाठी काही सूचना

• ऋतू : एप्रिलचा आरंभ व नोव्हेंबरचा उत्तरार्ध सुखद असतो. नाराच्या खोऱ्यात उन्हाळा दमट व उष्ण, तर हिवाळा बोचरा असतो. पाडसांच्या काळात माद्यांपासून आणि शरदात नरांपासून अधिक दूर राहावे.

• चालणे : किन्तेत्सु नारा स्थानकापासून देवस्थान सुमारे दोन किलोमीटर आहे. जाताना बसने देवळापर्यंत जावे आणि परतताना उताराच्या वाटेने बाकांवर विसावत चालत यावे, म्हणजे गुडघ्यांना सोपे पडते. वाटेवर खडी आहे, म्हणून घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे आणि काठी असावी. चाकांच्या खुर्चीसाठी सोयीचा मार्ग कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

• पडण्यापासून जपणे : हाडे ठिसूळ असणाऱ्यांना व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हरणाची एक ढुशीही महागात पडू शकते. अशांनी चकत्या हातात घेऊ नयेत. सोबत्याने भरवावे आणि ज्येष्ठांनी थोड्या अंतरावरून आनंद घ्यावा.

• भरविण्याची रीत : चकत्या पिशवीत झाकून ठेवाव्यात, एकेक पटकन द्यावी, संपल्या की दोन्ही रिकामे तळवे दाखवावेत. हरणांना ही खूण कळते. पळू नये, सावकाश बाजूला व्हावे.

• सामान : कागद, नकाशा, रुमाल, औषधांची पाकिटे बाहेर लोंबू देऊ नयेत. हरीण ती ओढून खाते. त्यात आपली औषधे जातात आणि त्याचा जीवही.

• स्वच्छता : हरणांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. उंच गवतात बसू नये, अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर त्वचा तपासावी. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. ओरखडा वा चावा झाल्यास वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावे.

जपानमध्ये हरणे आणि देवस्थान यांची जोडी अन्यत्रही आढळते. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर भरतीच्या पाण्यात उभे असलेले इत्सुकुशिमाचे भव्य तोरी आहे आणि त्याच्या किनाऱ्यावर हरणे हिंडतात. तेथे मात्र त्यांना काहीही भरवू नये, असा आग्रह आहे, म्हणजे ती रानातले अन्न शोधणे विसरणार नाहीत. एका देशात, एकाच जातीच्या प्राण्यासाठी दोन निराळे नियम आहेत. जेथे जाऊ तेथील नियम विचारून पाळावेत.

नारा येथे जाण्याचा योग आला, तर सकाळी लवकर निघावे. तेव्हा गर्दी नसते, धुके कुरणावर असते आणि हरणे चकत्यांच्या मागे लागलेली नसतात. ती आपापल्या चालीने चरत असतात. एखाद्या बाकावर बसावे, पाण्याचा घोट घ्यावा आणि काही न मागता, काही न देता त्यांच्याकडे पाहावे. थोड्या वेळाने वाट चढू लागेल आणि पहिले दगडी दीप दिसतील. तेथवर पोहोचण्याची घाई नसावी.